इंजेक्शनच्या जीपचा भरवसा

“सगळं नवं घातलंय, उस्ताद. मग घाटात बंद का पडते?”

उस्ताद हैदर शिकलगार चहा पीत होते. त्यांनी शेवटचा घोट घेतला, कप पालथा ठेवला.

“काय बंद पडते?”

“जीप. दुसरं काय?”

“हां... जीप.”

विचारणारा धैर्यशील माने. खोऱ्यातल्या याच गावचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून उस्तादांच्या हाताखाली पाने-पक्कड शिकला. मग पुण्याला मोठ्या वर्कशॉपात गेला. तिथून परत येऊन स्टँडसमोर स्वतःचं गॅरेज टाकलं. पाटी एवढी मोठी लावली की दुकान तिच्यामागं झाकून गेलं. हुशार होता. ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

उस्तादांनी काम सोडून दिलं होतं. पिराच्या तक्क्यात, गावातल्या छोट्या दर्ग्यात, झाडलोट करायची, दिवा लावायचा, कडुनिंबाखाली बसायचं, एवढंच. तरी गाडीवाले वाट वाकडी करून यायचे. फकिराकडं माणसं दुखणं घेऊन जातात तशी गाडी घेऊन. निम्म्या वेळा उस्ताद गाडीला हातसुद्धा लावायचे नाहीत. आणि जाणारा माणूस तरी गाडी चालू करून जायचा.

धैर्यशील दीड वर्ष इकडं फिरकला नव्हता. आज आला तो प्रश्न विचारतच आला. रामराम नाही, सलाम नाही.

“आलं का पाव्हणं?” आतून उस्तादांची बायको रहिमतबी बोलली. “का रस्ता चुकलं?”

“चाची, कामाचं बोलतोय.”

“बोल की. बिनकामाचं तू कधी बोललास?”

जीप निंबाखाली उभी होती. जुनी, पेट्रोलवर चालणारी. खोटं कशाला सांगा, दिसायला झकास केली होती. नवा रंग, नवी सीट, आणि बॉनेटखाली सगळं पुण्याहून आणलेलं.

“कार्बोरेटर काढून फेकला,” धैर्यशील म्हणाला. “इंजेक्शन बसवलं. या खोऱ्यात अजून कुणी केलं नाही.”

“बरं.”

“कार्बोरेटर म्हणजे काय, नुसती वाटी. वाटीत पेट्रोल साठवायचं आणि इंजिन ओढेल तसं द्यायचं. गाडी चढाला लागली की वाटीतलं पेट्रोल एका अंगाला जातं. कधी इंजिन बुडतं, कधी तहानलेलं राहतं. इंजेक्शनला वाटीच नाही. पंप दाबानं पेट्रोल आणतो, कॉम्प्युटर हवा मोजतो, उष्णता मोजतो आणि लागेल तेवढंच फवारतो. चढ असो, उतार असो, फरक पडत नाही. गाडी उलटी टांगा.”

“टांगून बघितलीस?”

“उस्ताद, मस्करी नको.”

“न्हाय, इचारलं.”

रहिमतबी आत हसली. धैर्यशीलच्या कानाची पाळी लाल झाली.

“तो कार्बोरेटर तुम्ही बसवला होता,” तो एकदम म्हणाला.

“व्हय.”

“तुमच्या हातानं लावलेला होता.”

“माझ्याच हातानं.”

तो भांडायच्या तयारीनं आला होता. समोरचा माणूस व्हय म्हणाल्यावर भांडण पुढं सरकेना.

काय झालं होतं ते गावाला माहीत होतं. दीड वर्षामागं त्याच्या बायकोचे, सुवर्णाचे, दिवस भरले होते. खोऱ्यात दवाखाना नाही. घाट चढून वर गेलं की तालुक्याचा दवाखाना. कळा सुरू झाल्या तशी धैर्यशीलनं तिला याच जीपमध्ये घातली. जीप अर्ध्या घाटात बंद पडली. सुवर्णा वर दवाखान्यात पोचली तोवर उशीर झाला होता. मुलगी होती. गेली.

तेव्हापासून धैर्यशील एकच गोष्ट सांगत होता. कार्बोरेटरनं घात केला. जो भेटेल त्याला तेच. पानटपरीवर तेच, लग्नात तेच. ज्याच्या हातचा कार्बोरेटर, त्याच्याकडं मात्र आला नाही.

आता सुवर्णाला पुन्हा आठवा लागला होता.

आणि ती म्हणत होती, मी या जीपमध्ये बसणार नाही. एसटी दिवसातनं दोनदा येते, कळा काही एसटीचं वेळापत्रक बघून येत नाहीत. तरी ती म्हणत होती, चालत जाईन. बसणार नाही.

“म्हणून हे सगळं केलं,” धैर्यशील म्हणाला. “तिच्यासाठी. आणि ही घाटात तिसऱ्या वळणाला मान टाकते.”

उस्तादांनी जीपकडं बघितलं.

“मला ह्यातलं काय कळत न्हाय, पोरा.”

“माहितेय.”

“मग माझ्याकडं का आलास?”

धैर्यशीलनं बॉनेटवर पडलेली निंबाची काडी उचलून फेकली. 

“बरं,” उस्ताद म्हणाले. “सपाटीला चालते?”

“सुसाट.”

“बंद पडल्यावर?”

“थोडा वेळ थांबलं की चालू होते. जसं काही झालंच नाही. वायरी बघितल्या, पंप बघितला, कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटर म्हणतो सगळं ठीक.”

“पंप काय करतो?”

“सांगितलं ना. पेट्रोल आणतो.”

“किती?”

“लागतं त्याच्या कितीतरी पट. दाब राहायला पाहिजे.”

“ते सगळं इंजिन पितं?”

“नाही हो. लागेल तेवढं घेतं. उरलेलं परत जातं.”

“कुठं?”

“परत.”

“परत म्हंजे कुठं?”

धैर्यशीलनं तोंड वाकडं केलं. “जायला पाहिजे टाकीत. पण जुन्या टाकीला एकच नळी. कार्बोरेटरला परतीची नळी लागतच नव्हती. दुसरी काढायची तर टाकी उतरवा, रिकामी करा, धुवा, वाळवा, भोक पाडा. कोण एवढं करत बसणार? मी पंपाच्या तोंडाशीच जोड दिला. उरलेलं पेट्रोल पुन्हा पंपात. पेट्रोल ते पेट्रोल.”

“मला दाव की. समजंल असं.”

“सोपं आहे. पंपातनं इंजिनाकडं...” त्यानं हवेत बोट फिरवलं. “इंजिनाकडनं उरलेलं परत पंपात. पंपातनं इंजिनाकडं. तिथनं परत पंपात. पंपातनं...”

बोट हवेत गोल फिरत होतं. तिसऱ्या फेरीला ते थांबलं.



“तेच पेट्रोल,” धैर्यशील हळूच म्हणाला.

तो जीपखाली सरकला. नळीला हात लावला आणि शिवी देत मागं घेतला. तसाच सरकत मागं गेला, टाकीला हात लावला. टाकी गार होती. पेट्रोलनं भरलेली आणि गार.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला निंबाची पानं चिकटली होती.

“सपाटीला कळत नाही. इंजिन भराभर पितं, नवं पेट्रोल येत राहतं. घाटात गाडी हळू, इंजिन तापलेलं. तेच ते पेट्रोल गरगर फिरतं, तापतं, त्याची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही.” त्यानं हात पँटला पुसले. “सापडलं, उस्ताद. माझं मलाच सापडलं.”

“व्हय. तुझं तुलाच.”

“चहा टाकू का रं?” रहिमतबीनं विचारलं.

“वेळ नाही, चाची.”

जीप धूळ उडवत गेली.

“बघितलंत?” रहिमतबी म्हणाली. “तोंडदेखलं येतो म्हणून पण न्हाय म्हणाला.”

“येईल,” उस्ताद म्हणाले. “आजून इचारायचं ऱ्हायलंय त्याचं.”

आठवडाही गेला नाही, तो आला.

या वेळी चेहरा उजळलेला. टाकी उतरवली होती, धुऊन उन्हात वाळवली होती, दुसरी नळी बसवून परतीचा रस्ता थेट टाकीपर्यंत नेला होता. मागं वाळूची पोती भरून त्यानं भर उन्हात जीप घाटातनं वर नेली. एकदा नाही, तीनदा. तिसरं वळण कधी मागं गेलं कळलंसुद्धा नाही.

“आता फक्त एक काम,” तो म्हणाला. “उस्ताद, माझ्याबरोबर घरी चला.”

“का?”

“सुवर्णाला सांगायला. गाडी आता बंद पडणार नाही, एवढंच सांगा. माझं ऐकत नाही. तुमच्या शब्दावर बसेल.”

“तू सांगितलंस?”

“शंभरदा. तिला बॉनेट उघडून दाखवलं. पंप दाखवला. बघतसुद्धा नाही. म्हणते, गाडी चांगली झाली असेल, मी बसणार नाही. आता याला काय म्हणायचं? बायकांचं डोकं.”

रहिमतबी अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

“बायकांचं डोकं?”

“चाची, तसं नाही...”

“मग कसं? दुधाचा टेम्पो थांबला हुता का न्हाय त्या दिशी?”

धैर्यशीलनं उस्तादांकडं बघितलं. उस्ताद जमिनीकडं बघत होते.

“ईश्वरा येडगे स्वतः सांगून गेलाय हितं बसून,” रहिमतबी म्हणाली. “म्हणला, मी टेम्पो थांबवला. म्हणलं वैनीला इकडं घ्या, कॅन उतरवून जागा करतो. ह्या बाबानं बॉनेटातनं डोकं भाईर काढलं न्हाय. नुसता हात हलवला. जा म्हणून. माशी हाकलावी तसा.”

“चालू होतच आली होती गाडी. दोन मिनटांचं काम होतं.”

“मग झाली चालू?”

“...”

“झाली का?”

“नाही.”

“वाळूचा ट्रक कुणी थांबवला? तू?”

धैर्यशीलनं चपलेनं एक खडा बाजूला सारला.

“ती उतरली. पोट धरून रस्त्याच्या मधी उभी ऱ्हायली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. ती ट्रकात चढली तवा कुठं तुझं डोकं वर आलं. आन दीड वर्स झालं, गावभर सांगत फिरतोस कार्बोरेटर, कार्बोरेटर. ह्या माणसानं एका शब्दानं...”

“रहिमत,” उस्ताद म्हणाले. “बास.”

“बास तर बास.”

तिनं सूप उचललं. पाखडण्याचा आवाज सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठा.

धैर्यशील उभाच होता. मान ताठ होती, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“चालू झाली असती,” तो म्हणाला. “कार्बोरेटर नीट असता तर झाली असती.”

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चालत जीपपर्यंत गेले. ड्रायव्हरच्या शेजारची सीट, तिच्यावर चढून बसले.

“बॉनेट उघड.”

“कशाला? सगळं ठीक आहे.”

“उघड.”

त्यानं खटके काढले, बॉनेट उचलून काचेला टेकवलं. उस्तादांच्या पुढं पत्रा उभा राहिला. पलीकडं धैर्यशील.

“बघायचं तर इकडनं बघा ना, उस्ताद. तिकडनं काय दिसणार?”



धैर्यशीलनं आत नजर टाकली. उगाच. नवी नळी छान बसली होती. एक पट्टी मात्र जराशी सैल वाटली त्याला. खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. त्यानं पट्टी आवळली. मग दिसलं, एक वायर गरम भागाला टेकू बघतेय. ती बाजूला ओढली. बांधायला काहीतरी हवं होतं. त्यानं खिसे चाचपले, सुतळीचा तुकडा निघाला.

“धैर्या,” पत्र्यापलीकडून हाक आली.

“हां.”

सुतळीचं टोक नळीमागून काढायचं होतं. बोटं जाड, जागा अरुंद. त्यानं मान आणखी आत घातली.

“धैर्या... आरं...”

“थांबा. एवढं झालं की आलोच. दोन मिनटं.”

पलीकडं शांत झालं.

सुपाचा आवाजही थांबला.

धैर्यशीलचा हात नळीपाशी तसाच राहिला. सुतळीचं टोक बोटांतून निसटून खाली पडलं. त्यानं ते उचललं नाही. बॉनेटखाली वाकून तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक...

मग तो सरळ झाला. बॉनेटला वळसा घालून बाजूला आला.

उस्ताद सीटवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. समोरच्या पत्र्याकडं बघत होते. त्या पत्र्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. आतल्या बाजूचा जुना काळा रंग, तेवढाच.

“तुम्ही हाक मारलीत,” धैर्यशील म्हणाला.

“दोनदा.”

“...”

“तिनं किती येळा मारली?”

धैर्यशीलनं जीपच्या कडेला हात धरला.

“मोजल्या न्हाईत.”

वाऱ्यानं निंबाची पानं बॉनेटवर पडली, घसरून खाली गेली.

“ऐकू येत हुत्या,” तो म्हणाला. पुण्याची भाषा कुठं गेली होती कोण जाणे. “सगळ्या ऐकू येत हुत्या, उस्ताद.”

उस्तादांनी मान हलवली नाही. बरं म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत. रहिमतबीनं पदरानं तोंड पुसलं आणि तांदळातले खडे बघू लागली.

 मग धैर्यशीलनं बॉनेट खाली घेतलं, खटके लावले. समोरचा रस्ता दिसायला लागला.

“चला घरी,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण हट्ट सुटला नव्हता. “पाया पडतो तुमच्या. तिचे दिवस भरत आलेत. तुमचा शब्द ती मानंल. सांगा तिला, गाडी आता बंद पडणार न्हाय.”

“मी न्हाय सांगणार.”

“मग मी काय सांगू तिला?”

उस्ताद सीटवरून उतरले. एक पाय जमिनीला लागल्यावर थोडं थांबले, मग दुसरा टेकवला.

“बंद पडंल म्हणून सांग. आन पडली तर बॉनेट उघडणार न्हाय म्हणून.”



“बंद पडंल म्हणून सांगितलं तर ती बसंल व्हय जीपमधी?”

“तवाच बसंल.”